काकांच्या गाडीला तेल कोणतं

"अहो, थांबवा! गाडी पेटली! मी उतरते, थांबवा म्हणते ना!"

काकू मागच्या सीटवरून ओरडत होती आणि काका पुढून तिच्या दुप्पट आवाजात सांगत होते, "कुठं पेटली? चढ हाय! चढाला धूर निघतोच!"

नारायणगडाच्या चढावर हा तमाशा चालला होता. मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या मागं होतो. म्हणजे असेन, कारण धुरात मला माझं स्वतःचं हँडल दिसत नव्हतं. निळसर पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं भर दुपारी लाइट लावले. कडेला चरणारी मेंढरं त्या धुरात शिरली आणि पलीकडून निघाली तेव्हा मेंढक्याला त्यातली आपली कोणती तेच कळेना. वर गडावर उभ्या भाविकांना वाटलं, यंदा प्रसादाची चूल खालीच पेटवलेली दिसते. यातलं एसटीचं शंभर टक्के खरं आहे. मेंढरांचं मी थोडं वाढवलं असेल.

शेवटी काकू चालत्या गाडीवरून उतरली आणि पदर नाकाला लावून उरलेला गड पायी चढली. ती काकांच्या आधी वर पोचली. काका मागून आले, गाडी स्टँडवर लावली, माझ्याकडं बघितलं आणि निकाल दिला, "तुझ्या त्या तांबड्या डब्यात भेसळ हाय."

ही भेसळ कुठून आली ते समजायचं तर काका समजले पाहिजेत.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं गाव तेलगावच्या रस्त्यावर, आणि त्या गावात काकांचा करडईचा घाणा होता. आता बंद झाला, पण अजूनही पंचक्रोशीतली म्हातारी माणसं काकांना बघितलं की आधी नाक वर करून वास घेतात आणि मग राम राम घालतात. घाण्याची ख्याती होती ती वरताळ्याची. माप भरून दिल्यावर त्याच्यावर आणखी जे सोडायचं, तो वरताळा. बाकीचे दुकानदार चार थेंब सोडायचे आणि उपकार केल्यासारखं बघायचे. काकांचा हात मात्र एकदा वाकला की सरळ व्हायला वेळ लागायचा. "मापात काय द्यायचं? मापात औषध देत्यात," असं म्हणायचे. लोक रिकामी बाटली घेऊन यायचे आणि वरताळ्यासाठी दुसरी बाटली बंडीच्या खिशात आणायचे. एक जण तर, म्हणे, फक्त वरताळ्यावर पोरीचं लग्न उरकून गेला. पंगत करडईच्याच तेलात झाली, एवढं मला पक्कं माहीत आहे.

घाण्यानं काकांना नाव दिलं आणि कान नेले. जन्मभर त्या घरघरीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? घरात काकू म्हणते, "दळण आणा," काका म्हणतात, "हां, हां," आणि सरपण आणून टाकतात. पण गाडीवर बसलं की काकूचं तोंड बरोबर काकांच्या कानाशी येतं. तिथं त्यांना सगळं ऐकू येतं. त्यामुळं त्यांचा सगळा संसार त्या मोटारसायकलवर झाला. लेक कुणाला द्यायची, बोअर कुठं घ्यायचा, कोणत्या भावकीशी किती दिवस बोलायचं नाही, हे सगळे ठराव चालत्या गाडीवर मंजूर झालेले आहेत. आणि बाहेरच्याला त्यातला एक शब्द कळत नाही, कारण त्या गाडीचा आवाज. गाडी गावात सुरू झाली की तेलगावात लोक म्हणतात, निघाले बरं का.

तर अशा या गाडीवर गदा आली ती दादामुळं. दादा म्हणजे काकांचा लेक, पुण्याला असतो. त्यानं बीडच्या शोरूमला विजेवरची स्कूटर बघून ठेवली आणि जुनी गाडी तिच्या बदल्यात द्यायची असं ठरवून टाकलं. त्याचंही चूक नव्हतं. वर्षभरापासून गाडी धूर सोडत होती, आणि आईबाप कुठंतरी घाटात अडकून पडतील याची त्याला धास्ती. तो दोघांना शोरूमला घेऊन गेला, स्कूटरवर बसवून एक चक्कर मारायला लावली. काकूनं सवयीप्रमाणं काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि शेजारणीच्या सुनेविषयी एक वाक्य टाकलं. गाडीला आवाजच नाही! रस्त्यावरचा भाजीवाला, दोन पोलीस आणि पानटपरीवरचे सगळे एकदम वळून बघायला लागले. त्यातला एक तर त्या सुनेचा मामा निघाला. काकू खाली उतरली आणि म्हणाली, "ही गाडी नको. हिच्यावर बोलायचं म्हंजी चावडीवर बोलल्यासारखं हाय."

दादा हसला, पण हटला नाही. शेवटी फोनवर बरीच ओढाताण होऊन तह झाला. येत्या तीन एकादश्या. काका-काकू दर एकादशीला नारायणगडाला जातातच. त्यातल्या एका तरी खेपेला गाडी दोघांना घेऊन धूर न सोडता गड चढली, तर ती राहील. नाही चढली तर शोरूमची माणसं येऊन घेऊन जातील.

काकांनी त्या दिवशी जेवताना भाकरी दुमडली आणि तशीच ताटात ठेवली. एवढंच. पण काकांच्या ताटात भाकरी उरलेली मी पहिल्यांदा बघितली.

म्हणून मी मध्ये पडलो. मी म्हणालो, "काका, गाडी म्हातारी नाही. तेल चुकतंय. सिंथेटिक टाकू." मी तेव्हा मोबाइलवर तेलाचे इतके व्हिडिओ बघितले होते की नुसता शेजारून चालत गेलो तरी लोकांच्या गाड्या गुळगुळीत चालायला लागायच्या. कोणतं तेल उन्हात टिकतं, कोणतं लवकर काळं पडतं, कोणतं महाग असून शेवटी स्वस्त पडतं, सगळं मला तोंडपाठ. बीडला जाऊन मी तीन कंपन्यांचं तेल आणलं. तिन्हींवर गाडीच्या पुस्तकातलाच जाडीचा नंबर होता, फरक काय तो कंपनीचा आणि किमतीचा. तांबडा डबा सगळ्यात स्वस्त. निळा मधला. सोनेरी डब्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र, आणि किंमत अशी की दुकानदारानं तो दोन्ही हातांनी काढून दिला. प्रत्येकाचे दोन-दोन डबे आणले. एक घालायला, एक हाताशी असावा म्हणून.

काकांनी डबे ओट्यावर ओळीनं मांडले आणि पहिला सवाल टाकला, "कोणत्या बियाचं हाय?"

"बियाचं नाही काका. कारखान्यात तयार करतात."

"कारखान्यात आमीबी करायचो. बी कोणतं घालत्यात?"

मी रेणू-बिणू सांगायला लागलो. काकांनी तोवर तांबड्याचं झाकण काढून तळहातावर थेंब घेतला होता. अंगठ्यानं चोळला. उन्हात धरला. "पातळ हाय लई. पाणी हाणलंय."

"सिंथेटिक पातळच वाटतं. थंडीत लगेच इंजिनभर पोचावं म्हणून."

"आन् हे टिकतं किती?"

"साध्या तेलाच्या दुप्पट तरी."

"म्हंजी गिऱ्हाईक तवर दुकानाकडं फिरकायचं न्हाई?" काका गंभीर झाले. "मग त्या दुकानदारानं खायचं काय?"

एवढं बोलून त्यांनी बोट जिभेला लावलं. मी "काका!" म्हणून ओरडेपर्यंत उशीर झाला होता. ते थुंकले, दोन चुळा भरल्या आणि म्हणाले, "कडू न्हाई. पण तोंडात ऱ्हातं." निळा चाखला, "ह्यो जरा सौम्य हाय." सोनेरी चाखल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी घाबरलो. मग म्हणाले, "ह्याला इमान हाय."

खरी परीक्षा पुढं होती. घाण्यावर असताना तेलाची जात काका वातीवर ओळखायचे. चांगलं तेल शांत जळतं, भेसळीचं तडतडतं आणि काजळी धरतं. त्यांनी देव्हाऱ्यातल्या तीन पणत्या उचलल्या, तिन्हींत तीन तेलं घातली, वाती लावल्या. मी सांगून थकलो की इंजिनचं तेल जळण्यासाठी नसतं, ते न जळणं हेच त्याचं काम. काका म्हणाले, "जे जळायचं नसतं ते कसं जळतं, त्यावरच माणूस कळतो." तांबडी काजळली. निळी मध्यम. सोनेरी संथ. काकू बाहेर आली, तिन्ही पणत्या बघितल्या, आणि पुढचं मी लिहीत नाही. पणत्या तिनं राखेनं घासल्या, शिकेकाईनं घासल्या, आणि तरी आठवडाभर आमचा देव्हारा गॅरेजसारखा दरवळत होता.

काकूचा तेलात रस फक्त डब्यापुरता. तिनं तिन्ही रिकाम्या डब्यांवर आधीच हक्क सांगून ठेवला होता, आणि येता-जाता भरलेले डबेही उचलून उचलून बघायची, घागर विकत घेताना बघतात तसे.

तेल घालायचं काम अर्थात काकांचं. आधी तेलगावचा मिस्त्री घालायचा, तो लेकाकडं राहायला गेला तेव्हा काका म्हणाले, "जन्मभर तेलात हात हाय माझा. आता या वयात तेल घालायला दुसऱ्याच्या दारात जाऊ व्हय?" तेव्हापासून आंघोळ करून, ओट्याखाली पोतं अंथरून, गाडीला हळद-कुंकू लावून ते स्वतः तेल बदलतात. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

तांबड्याचा निकाल लागला तो वर सांगितलाच. काढलेलं तेल काकांनी वाया घालवलं नाही. वाळवी लागू नये म्हणून आमच्या दाराच्या चौकटीला दिलं, उरलं ते शेजारच्या चौकटीला. दुसऱ्या एकादशीला निळं. या खेपेला धूर पहिल्या वळणावर नाही, दुसऱ्या वळणावर सुरू झाला. मी ती प्रगती म्हणून दाखवली. पण धूर निघाला तो तसाच, ढगासारखा. काकू पुन्हा उतरली, पुन्हा पायी चढली. खाली केळी विकत बसलेल्या बाईनं तिला विचारलं, "काय नवस बोललाव का मावशी?" काकू म्हणाली, "मी न्हाई, गाडी बोललीय."

निळंही काढलं आणि गल्लीतल्या उरलेल्या चौकटींना दिलं. अख्ख्या बीड जिल्ह्यात सिंथेटिक तेल प्यायलेली दारं फक्त आमच्या गल्लीत आहेत. ती कुरकुरत नाहीत, आणि त्यामुळं पाव्हणा आत येऊन बसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. निळा डबा काकूनं सोडा आणि गरम पाण्यानं धुतला आणि त्यातून ती कढीपत्त्याला पाणी घालू लागली.

तिसऱ्या एकादशीला दादा स्वतः पुण्याहून कार घेऊन आला. सकाळी काकांनी सोनेरी डबा उघडला. मी आणि दादा ओट्याच्या टोकाला चहा घेत तावातावानं बोलत होतो. मी म्हणत होतो, सोनेरी तेल दिल्यावर धूर निघणं शक्यच नाही. दादा म्हणत होता, "अरे, पेशंट गेलाय आणि तू सलाइन बदलतोयस." काका आमच्याकडं पाठ करून ओतत होते. ओतून झालं, झाकण लावलं, टाकीवरून हात फिरवला. रेड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

चढ सुरू झाला. पहिलं वळण कोरडं गेलं. दुसरं गेलं. दादानं कारच्या काचेतून माझ्याकडं बघितलं, मी भुवया उडवल्या. आणि तिसऱ्या वळणावर गाडीनं असा धूर सोडला की आधीच्या दोन खेपा म्हणजे उदबत्त्या वाटाव्यात. गाडीचा दम गेला, गचके खात ती बंद पडली. धूर विरायला लागला तसा काका दिसले. गाडी स्टँडवर लावून तिच्या शेजारी दगडावर बसले होते. आज भेसळ म्हणाले नाहीत.

दादा कारमधून उतरला. "झालं आबा," तो हळू म्हणाला. त्यालाही जड जात होतं. "मी फोन लावतो त्यांना."

त्यानं मोबाइल काढला आणि तेवढ्यात काकू पुढं झाली. काकांच्या कानाशी तोंड नेऊन, गाडीवर बोलते त्याच आवाजात तिनं विचारलं. पण गाडी बंद होती, त्यामुळं ते आम्हालाच काय, गडावर कीर्तनालाही ऐकू गेलं असेल.

"दुसऱ्या डब्यातलं तेल कुठं गेलं?"

"कोणत्या दुसऱ्या?"

"दर खेपेला दोन डबे असत्यात. एक घालायचा, एक नुसता ठेवायचा. तो ठेवलेला मी मागून उचलून बघते, तर हलका! तांबडा हलका, निळा हलका, आज सोनेरीबी हलका. पिलाव का काय?"

"पिऊ कशाला? गाडीत घातलं."

"कावून?"

"कावून म्हंजी? माप भरलं, मग वरताळा नको घालू?"



"वरताळा!" काकू म्हणाली. "मिस्त्री होता तवर न्हवता धूर. तुमच्या हातात तेल आलं आन् धूर सुरू झाला. गाडी काय गिऱ्हाईक हाय का तुमचं?"

काका पहिल्यांदा तडकले. "गिऱ्हाईकाला दिलं जन्मभर, जे उद्या दुसऱ्या दुकानात जातंय! आन् हिनं तुला-मला वागवलं एवढी वर्सं, हिला मापात मोजून देऊ?"

दादानं फोन खिशात ठेवला.

मी गाडीच्या तेलाचं झाकण फिरवून काढलं. त्याला खाली एक काडी असते, तिच्यावर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. इथं रेघा कुठं आहेत तेच दिसेना. काडी गळ्यापर्यंत बुडालेली होती. इंजिनमध्ये तेलाला हलायला जागा ठेवावी लागते. जागाच नाही म्हटल्यावर ते सापडेल त्या वाटेनं जिथं पेट्रोल जळतं तिथं शिरतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. तांबडं असो, निळं असो, नाहीतर सोन्याच्या पाण्याचं असो. हे मला माहीत होतं. दोन व्हिडिओ याच्यावरच होते. मला वाटलं, इतकं कोण ओततं?

आता जास्तीचं काढायचं कशात? काकूनं पिशवीतला देवाचा नारळ काढला, "माफ कर रे बाबा, आधी खाली फोडते," असं गडाकडं बघून म्हणाली आणि दगडावर हाणला. खोबरं पदरात, करवंटी दादाच्या हातात. मी पान्यानं खालचा बोल्ट सैल केला. गरम तेल करवंटीत पडायला लागलं. दादाचं बोट भाजलं, त्यानं "आई गं" केलं. एक करवंटी भरली, चहाच्या टपरीवाल्यानं ती दाराच्या बिजागरीला म्हणून मागून नेली. दुसरी भरत आली तसे काका वाकून वाकून बघू लागले. तुपाचा रांजण फुटावा तसा चेहरा.

"बास की आता. एवढं ऱ्हाऊ द्या वर."

"मापात!" काकू म्हणाली.

"अगं थोडं..."

"मापात म्हणते ना."

मी काडी पुसून पुन्हा बुडवली. तेल दोन रेघांच्या बरोबर मध्ये आलं. काकांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांच्या लेखी आम्ही गाडीला उपाशी ठेवलं होतं.

किक मारली. गाडीनं आधीचा साठलेला धूर दोनदा खोकून टाकला. काकू मागं बसली. काका-काकूंना घेऊन गाडी निघाली ती चौथं वळण चढली, पाचवं चढली, आणि मागं बघावं तर नुसता रस्ता. स्वच्छ. दादा कारची काच खाली करून गाडीचा आवाज ऐकत होता. मी स्कूटरवरून बघत होतो, की काकू पुढं वाकली, तोंड काकांच्या कानाशी नेलं आणि बोलायला लागली. काका मान हलवत होते. मध्येच एकदा हसले. काय बोलणं झालं ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. फार मोठा आवाज आहे त्या गाडीचा.

वर पोचल्यावर दादानं फोन लावला आणि शोरूमवाल्याला सांगितलं की गाडी द्यायची नाही. काकांनी ते ऐकू न आल्याचं दाखवलं आणि उरलेलं खोबरं सगळं दादाच्या हातात ठेवलं.

मग दर्शन झालं, सावलीत बसलो, आणि मला आठवलं की माझी सगळी परीक्षा वाया गेली आहे. तीन तेलं, तिन्ही गळ्यापर्यंत ओतलेली. कोणतं चांगलं ते कळणार कसं? गाडी तर आता राहिली होती, म्हणजे पुढं तेल लागणारच. मी विषय काढला. काका म्हणाले, सोनेरीच, वातीवर बघितलंय. दादा म्हणाला, जुन्या गाडीला तांबडं भरपूर झालं, उगाच पैसा कशाला. मी निळ्याच्या बाजूनं जाडी, उष्णता, टिकाऊपणा असं बरंच काही सांगितलं. आवाज चढले. शेजारचे भाविक आपापले डबे सोडून आमच्यात उतरले. एकानं ट्रॅक्टरचं तेल सुचवलं, एकानं एरंडेल. शेवटी मी काकूकडं वळलो. ती पायाच्या बोटावरची धूळ झटकत बसली होती.

"काकू, तूच सांग आता. तिन्हींत चांगलं कोणतं?"

"निळं," काकू म्हणाली. "त्याच्या डब्याला मूठ हाय."